शेवटच्या पेटीला शिक्षा

शिकणारं यंत्र मी पहिल्यांदा चालवलं ते नगरच्या केडगावला, माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. ते काडेपेट्यांचं होतं. मिठाच्या बरणीपासून चहाच्या डब्यापर्यंत फळीवर रिकाम्या काडेपेट्या ओळीनं मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं एक आकडा आणि आत मूग, हरभरे, वाटाणे. अक्का भाकरी तव्यावर टाकायची, हाताचं पीठ परातीत झटकायची, मी सांगितलेल्या आकड्याची पेटी उचलून कानाशी खुळखुळवायची आणि डोळे मिटून एक दाणा काढायची. मूग आला तर यंत्रानं एक चिंचोका उचलायचा, हरभरा आला तर दोन, वाटाणा आला तर तीन. तोवर तव्यावरची भाकरी फुगलेली असायची. जमिनीवर मध्ये चिंचोक्यांचा ढीग, अलीकडे अक्काचं यंत्र, पलीकडे मी. शेवटचा चिंचोका ज्याला उचलावा लागेल तो हरला, एवढाच खेळ.

दाजी सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होते. रातपाळी असली की ते दुपारभर आतल्या खोलीत झोपायचे आणि पेट्यांच्या खुळखुळाटानं त्यांची झोप मोडायची. "शांते, जुगार मांडलाय काय घरात?" असं आतून यायचं. अक्का म्हणायची, जुगार न्हाई, पभा पेट्यांना शाळा शिकवतोय. त्यावर दाजी विचारायचे, की मेव्हण्याला नोकरी लागत नाही म्हणून आता पेट्यांना लावणार आहे का. त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं. मी बीएड होऊन बसलेलो होतो, कुठल्याच शाळेत जागा नव्हती, पुणतांब्याची शेती थोरल्या भावाकडं होती आणि मला नांगरातलं काही येत नव्हतं. म्हणून अक्कानं मला नगरला आणून कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या की ती माझ्या ताटात आधी वाढायची, लसणाच्या फोडणीचा रस्सा वाटीच्या काठाशी यायचा, आणि दाजी काही न बोलता आपलं ताट पुढं सरकवायचे. पुणे रस्त्यावरचे ट्रक, शेजारची पिठाची गिरणी आणि या पेट्या, असा त्या घराचा आवाज होता.

हे एवढ्या तपशिलानं लिहितोय त्याला कारण आहे. या स्वयंपाकघराची चोरी झाली आहे. आणि त्या चोरीच्या मागोमाग मंगल साबळे नावाच्या मुलीची नोकरी गेली, जी तिची होती आणि जिच्यावर तिचं सगळं अवलंबून होतं. ती गेली कशी, हे नगरमध्ये ज्यांना आठवतंय त्यांना चुकीचं आठवतंय. ते मला दुरुस्त करायचं आहे.

क्लास माळीवाड्याजवळ एका कापड दुकानाच्या वर होता. चालवणारा मुळे. त्याला मी पुढं कित्येक वर्षं "सर, आपण" म्हणत आलो, त्याच्यासमोर खुर्चीवर टेकून बसलो नाही. या प्रकरणात मी त्याला अहोजाहो करणार नाही. वाचणाऱ्याला खटकेल. खटकू दे. तो स्वतःला प्राध्यापक म्हणवून घ्यायचा. कुठल्या कॉलेजात, हे विचारायची आमची छाती नव्हती. कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल काढून जायचं, आधी उदबत्ती लागलेली असायची, मशीनवर त्याच्या बायकोनं शिवलेली फुलाफुलांची झाकणं. आम्ही प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचो आणि मग पाळीनं मशीनवर बसायचो. भाषा बेसिक. तीसपर्यंतचे पाढे छापायचे, तीन आकड्यांतला मोठा शोधायचा, मनातला आकडा मशीननं ओळखायचा, असे बारके सरावाचे प्रोग्रॅम. एखाद्याचं चुकलं की मुळे त्याचा कागद वर धरून मोठ्यानं वाचायचा आणि चुकीच्या ओळीशी थांबून त्या मुलाच्या गावाचं नाव घ्यायचा. माझं नाव त्यानं पहिल्या आठवड्यातच "पुणतांबा" ठेवलं होतं. पुणतांब्याच्या ओळीत स्वल्पविराम नाही, पुणतांब्यात स्वल्पविराम पिकत नाही वाटतं. पोरं हसायची. मीही हसायचो, ते मला अजून टोचतं.

मनातला आकडा ओळखणारा प्रोग्रॅम झाला, तेव्हा मला वाटलं की यात मशीन काही शिकत नाही. मी सांगितलेलंच करतंय. चुकल्यावर आपलं आपण सुधारेल असं काही करता येईल का, हे मी मुळेला विचारलं. तो म्हणाला, तू आधी सुधार. पण जिल्हा वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा होता, त्यात मला काडेपेट्यांच्या यंत्राविषयी चार पानं सापडली. कॉम्प्युटर लागतच नव्हता. ढिगात जितके चिंचोके उरलेत त्या आकड्याची पेटी उघडायची आणि आतून येईल त्या दाण्याप्रमाणे खेळायचं. जिंकलं तर सगळे दाणे आपापल्या पेटीत परत. हरलं तर शेवटी काढलेला दाणा जप्त. असं करत करत वाईट चालींचे दाणे संपतात आणि चांगल्या चालींचे उरतात. त्या यंत्राला दुसरं काही कळत नाही, फक्त मार कळतो. आज अक्काची नात पुण्यात हेच मोठ्या पगारावर करते. तिच्या कामाला आता भारी भारी नावं आहेत. तिनं मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाई, हे तुझ्या आजीच्या फळीवर होतं.

जप्त झालेले दाणे एका वाटीत जायचे. मूठभर साठले की अक्का ते भिजवून मटकीत मिसळायची आणि दाजी त्याला शिक्षेची उसळ म्हणायचे. यंत्र मात्र शिकेना. दिवसामागून दिवस आम्ही खेळलो, पेट्या झिजल्या, आणि तरी ते पहिल्या दिवसासारखंच हरत होतं. मंगल रोज दुपारी यायची. ती दोन घरं सोडून राहायची, तिचे वडील दाजींच्याच कंपनीत होते आणि ती माझ्याच बॅचला होती. ती एका बाजूला बसून शेंगा फोडत म्हणायची, "दादा, तुमचं यंत्र माझ्या आजीवानी हाय. हरली तरी पत्ते काय सोडत न्हाई." मग एक दिवस दाजींनी जेवताना तक्रार केली की शिक्षेच्या उसळीत नुसते मूगच कसे काय, हरभऱ्यांनी काही गुन्हा केला नाही का. मी वाटीत पाहिलं. खरंच नुसते मूग होते.

मूग म्हणजे एक चिंचोका. एक चिंचोका उरल्यावर उघडायची ती "एक" आकड्याची पेटी, तिच्यात फक्त मूगच असायचे आणि तेही थोडे. ते केव्हाच संपायला हवे होते.

"अक्का, एकच्या पेटीत दाणे कुणी टाकले?"

"मी," अक्का म्हणाली. "रिकामी झाल्ती."

"ती रिकामीच व्हायला पाहिजे."

"दाण्याचं भांडं रिकामं करून फळीवर ठिवत्यात का? तळाला चार दाणे ऱ्हाऊ द्यावेत. आईनं येवढंबी शिकवलं न्हाई व्हय तुला?"

आमच्या आईच्या घरात बाजरीची कोठी कधी पूर्ण झाडली जात नसे. पीठ संपलं असंही कुणी म्हणायचं नाही, आणायचं झालंय म्हणायचे. अक्का रोज सकाळी फळी पुसताना रिकामी पेटी बघायची आणि तिच्या हातून आपोआप चार मूग आत पडायचे. मी तिला समजावलं, की यंत्र हरतं ते शेवटच्या पेटीत, पण चूक तिथं झालेली नसते. चूक आधी कुठंतरी झालेली असते. शेवटची पेटी मार खाऊन रिकामी झाली म्हणजे पुढच्या वेळी यंत्र तिथवर गेलं की हार मानतं आणि मार त्याच्या आधीच्या पेटीला बसतो. ती रिकामी झाली की तिच्या आधीचीला. असा मार मागं मागं जात खऱ्या चुकीपाशी पोचतो. तू दाणे टाकतेस म्हणून तो तिथंच अडकतो.

अक्कानं हे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मिठाचा खडा टाकला तर चालंल? मीठ मोजत न्हाई ना तुझं यंत्र?" मीठ चालणार होतं. एकच्या पेटीत मिठाचा खडा गेला आणि त्यानंतर वाटीत हरभरे आणि वाटाणे दिसू लागले. थोड्याच दिवसांत यंत्र मला हरवू लागलं. पहिल्यांदा हरवलं तेव्हा अक्कानं पेटीला हळदीचं बोट लावलं आणि दाजींना झोपेतून उठवून सांगितलं. त्यांनी पडल्या पडल्या विचारलं, पगार किती देणार त्याला.

मग हेच बेसिकमध्ये बसवायचं होतं. मी ओळी लिहायचो आणि मंगल त्या टाईप करायची, कारण तिची बोटं कीबोर्डकडं न बघता पळायची आणि मी एकेक अक्षर हुडकत बसायचो. ती माझ्या चुका वाचता वाचताच पकडायची आणि मुळेच्या आवाजात हळूच म्हणायची, पुणतांब्यात स्वल्पविराम पिकत न्हाई. तिच्या तोंडून ते मला टोचत नसे. येता-जाता रिक्षात ती एकच गोष्ट बोलायची. क्लासला उन्हाळ्यानंतर एक शिक्षक लागणार होता आणि मुळेनं ती जागा तिला द्यायचं कबूल केलं होतं. तिच्या वडिलांनी अट घातलेली होती, की नोकरी लागली तर थांबतो, नाही तर श्रीगोंद्याचं स्थळ आलेलं आहे त्यांना हो सांगतो. स्थळ वाईट नव्हतं, पण मंगलला नको होतं. तिला त्या खोलीत, फुलाफुलांच्या झाकणांमध्ये, समोर पोरं बसवून शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी कुठली साडी नेसायची हेही तिनं ठरवलेलं होतं.

प्रोग्रॅम चालला त्या दिवशी मुळे आमच्या मागं येऊन उभा राहिला. पडद्यावर मशीन हरत होतं, मग कमी हरत होतं, मग जिंकत होतं. मग त्यानं फ्लॉपी काढून घेतली; व्हायरस असेल, तपासून देतो म्हणाला, आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढच्या आठवड्यात क्लासच्या फळ्यावर सूचना लागली. एका साखर कारखान्याचे संचालक येणार होते. कारखान्याच्या कारकुनांना कॉम्प्युटर शिकवायचं काम कुणाला द्यायचं ते ठरणार होतं आणि त्यांच्यासमोर "स्वतः शिकणारा संगणक" दाखवला जाणार होता. फ्लॉपी एकदा मशीनमध्येच राहिलेली होती, चालू करून बघितलं तर पहिल्या पडद्यावर ठळक अक्षरांत आलं: निर्मिती, प्रा. मुळे.

मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता गेलो. माझं नाव कुठं आहे, एवढंच विचारलं. तो पान खात होता. म्हणाला, क्लासच्या मशीनवर जे टाईप होतं ते क्लासचं. मी म्हटलं, हे क्लासच्या मशीनवर सुचलेलं नाही, अक्काच्या घरी सुचलंय. त्यावर तो हसला.

"तुझं नाव टाकलं तर कारखान्याची माणसं विचारतील, हा कोण. मी काय सांगू? बहिणीच्या ताटावर बसलेला आहे म्हणून सांगू?"

बाहेर मुलं बसलेली होती, त्यांनी ऐकलं. मंगलनंही ऐकलं. जिना उतरताना ती म्हणाली, दादा, आत्ता गप ऱ्हावा, माझी ऑर्डर निघू द्या, मग आपण दोघं मिळून बघू त्याच्याकडं. मी मान हलवली.

बेसिकमध्ये ओळींना दहा-दहाच्या अंतरानं आकडे देतात, मध्ये काही राहून गेलं तर घालता यावं म्हणून. संचालक येणार त्या सकाळी झाकणं काढायला आणि उदबत्ती लावायला मला लवकर बोलावलं होतं. फ्लॉपीचं कपाट उघडं होतं. मी दोन ओळींच्या मधल्या जागेत एक ओळ टाकली. पेटी रिकामी झाली तर तिच्यात दाणा टाक, एवढंच ती सांगत होती. मीठ नाही, दाणा. मग फ्लॉपी होती तशी कपाटात ठेवली.

कीबोर्डवर मंगल बसणार हे मला माहीत होतं. मुळेला भरभर टाईप करता येत नव्हतं, तो उभा राहून बोलणार होता. 'मला वाटलं होतं' वगैरे सबबी मी लिहिणार नाही. माझ्या डोळ्यांपुढं फक्त त्याचं तोंड होतं, पानानं लाल झालेलं, लोकांसमोर उघडं पडलेलं. त्या तोंडाच्या आड कोण बसलंय हे मी बघितलं नाही.

संचालक आले. गुलाबपाण्याचा शिडकावा, पेढे, नारळ. मुळेनं अर्धा तास भाषण केलं, माणसासारखं चुकांतून शिकणारं यंत्र, नगर जिल्ह्यात पहिल्यांदा. मग कारखान्याचे उपाध्यक्ष खेळायला बसले. सफारीतले, जाड भिंगांचा चष्मा, माणूस मिश्कील. पहिला डाव ते जिंकले आणि मुळे म्हणाला, आता बघा, हळूहळू सुधारेल. दुसरा जिंकले. मंगल न थकता आकडे टाईप करत होती. चहा आला आणि गेला. मुळेनं रुमाल काढला. उपाध्यक्ष जिंकतच राहिले, शेवटी शेवटी तर न बघता खेळू लागले, आणि मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, ह्ये लई गरीब हाय ओ," ते म्हणाले. "आमच्या गव्हाणीतलं वासरूबी दुसऱ्यांदा त्याच खुट्याला अडकत न्हाई."

खोली हसली. माझ्या छातीत जे झालं त्याला आनंदच म्हणतात, दुसरा शब्द नाही. मी भिंतीशी उभा होतो आणि मुळेच्या कानशिलावरून घाम उतरताना बघत होतो. तेवढ्यात तो वळला. माझ्याकडं नाही.

"काय दाबलंस तू?" त्यानं मंगलला विचारलं.

"काहीच न्हाई सर. सांगितलं तेच."

"काल माझ्याकडं बरोबर चालत होतं. मशीन पोरींच्या हातात दिलं की असंच व्हायचं." मग संचालकांकडं वळून, हात जोडून, "माफ करा, विद्यार्थिनीची चूक झाली."

मंगल उठून उभी राहिली. ती रडली नाही. ती एकदा पडद्याकडं बघत होती आणि एकदा आपल्या बोटांकडं. माझं तोंड एका वाक्यासाठी उघडायला हवं होतं. ते वाक्य छोटं होतं आणि मला पाठ होतं. मी पेढ्यांचा रिकामा खोका उचलून बाहेर गेलो.

संध्याकाळी मंगल अक्काकडं आली. काय झालं ते तिनं सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, की मी चुकीचं काही दाबलं नाही, मशीनच शिकत नव्हतं, पहिल्या डावासारखंच शेवटच्या डावाला हरत होतं. अक्का परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. मंगल गेल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं.

"पभा, दाणा कुणी टाकला?"

त्या घरात उत्तराची गरज नव्हती. अक्कानं भाकऱ्या केल्या, मला वाढल्या, पण रोजच्यासारखी समोर बसली नाही. चुलीकडं तोंड करून एवढंच म्हणाली, की उद्या सकाळी त्या पोरीच्या बापाला जाऊन सांग. मी हो म्हटलं. उद्याची सकाळ झाली आणि मी गेलो नाही. मी सांगितलं असतं तर मुळेनं मला पोलिसात दिलं असतं असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरं असं आहे की मला त्याचा घामाघूम झालेला चेहरा आणखी थोडे दिवस चघळायचा होता. आठवड्याभरात मुळेनं जागा नाकारली आणि मंगलचं क्लासला येणं बंद झालं. उन्हाळा संपायच्या आत ती श्रीगोंद्याला गेली. मांडव आमच्या घरासमोरूनच दिसत होता.

क्लासला शिक्षक तर लागणारच होता. मुळेनं मला बोलावलं. मी गेलो, उभा राहिलो आणि हो म्हटलं. घरी सांगितल्यावर दाजींनी पेढे आणले. अक्कानं पेढा खाल्ला नाही. म्हणाली, नोकरी लागली, आता खोली बघ. फळीवरच्या पेट्या तिनं त्याच दिवशी काढल्या. पुढं मी सणावाराला जात राहिलो, तीही यायची, शेंगोळ्याही व्हायच्या. पण त्या विषयावर ती मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मुळेकडं मी बरीच वर्षं काढली. त्या काळात मूर्खासारखं मी त्याला सगळं सांगितलं होतं. चहा पिता पिता, खुशमस्करी म्हणून, अक्काची फळी, मीठ, शिक्षेची उसळ, दाजींचं बोलणं. फक्त ती एक ओळ सांगितली नव्हती. त्याचं आता पंच्याहत्तरीचं वर्ष आहे. विद्यार्थ्यांनी सत्कार समिती केली, गौरव अंक काढला आणि मला घरपोच पाठवला. त्यात त्याची मुलाखत आहे. तो सांगतो, की शिकणारं यंत्र त्यानं पहिल्यांदा काडेपेट्यांचं केलं. कुठं, तर त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात. त्याची आई म्हणे पेटी रिकामी ठेवू देत नसे, म्हणून त्यात मिठाचा खडा टाकायची. आणि पुढं लिहिलंय, की एका विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे कारखान्याचं काम हातचं गेलं, पण मी तिच्यावर राग धरला नाही.

मी ते पान पुन्हा वाचलं. प्रोग्रॅम चोरला ते मी गिळलं होतं. माझ्या बहिणीची फळी, तिचं मीठ, तिचा हात त्यानं उचलून आपल्या मेलेल्या आईला दिला. आणि मंगलला त्यानं, न मागता, माफ केलं. त्याच अंकात कार्यक्रमपत्रिका होती. "सरांच्या आठवणी" या सदरात बोलणाऱ्यांत माझं नाव छापलेलं आहे. समितीच्या पोराचा फोन आला, काका, याल ना. मी म्हटलं, नक्की येईन, लिहूनच आणतो.

हे प्रकरण मी त्यासाठी लिहिलं. त्याच्या समोर, शाल अंगावर असताना, त्याच्या मुलासुनांसमोर हे वाचणार आहे. त्याला उतारवयात शांतता मिळावी अशी माझी इच्छा नाही. ज्यानं एका मुलीला खोलीभर माणसांत उभं करून चूक तिची म्हटलं, त्याला एकदा खोलीभर माणसांत बसून स्वतःविषयी ऐकावं लागलं पाहिजे. तोंड लपवायला तेव्हा कुणी मंगल पुढं नसेल. आणि त्याचं खोटं उघडं करायचं तर माझी ओळही वाचावी लागते, तिला वगळून हे सिद्धच होत नाही. लोक म्हणतील, नोकरी ह्यानं खाल्ली. म्हणू देत.

पण वाचण्याआधी मंगलला सांगणं भाग होतं. तिच्या भावाकडून नंबर मिळवला. ती श्रीगोंदा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मी नाव सांगितल्यावर ती "बोला ना दादा" म्हणाली, अगदी सहज. मी सगळं सांगितलं. कपाट उघडं होतं ते, दोन ओळींमधली जागा, पेढ्यांचा खोका, माझी नोकरी. पलीकडे पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. तिनं त्यांना गप्प केलं.

"म्हंजे मी काही चुकीचं दाबलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मी एवढी वर्षं घरात कुठल्या मशीनला हात लावत न्हाई. मिक्सरसुद्धा सून लावते."

मी माफी मागायला सुरुवात केली. तिनं थांबवलं. म्हणाली, माफी घरी न्या, मला तिचा उपयोग न्हाई. कार्यक्रम कधी, कुठं, किती वाजता, हे विचारून घेतलं. येते म्हणाली, पहिल्या रांगेत बसते, सुनेलाही आणते. मी म्हटलं, मी त्याला सोडणार नाही, एक शब्द गाळणार नाही.

"त्याचं मागनं वाचा. आधी तुमचं वाचा," ती म्हणाली. "आन् वाचताना त्याच्याकडं बघू नका, दादा. माझ्याकडं बघा."

मी बरं म्हटलं. इतकी वर्षं मला त्याचाच चेहरा बघायचा होता.